ज्या नकाशात नावं लिहीत नाहीत

माझी नणंद सांगलीला असते. मी इतकी वर्षं काय काम केलं हे तिला अजून नीट कळलेलं नाही. कुणी विचारलं की ती सांगते, "वहिनी तिकडं मद्रासला भांडणं मिटवतात." समोरचा विचारतो, म्हणजे वकील का? नाही. मग पोलिसात? नाही. शेवटी ती वैतागून "अहो, एनजीओत आहेत" म्हणते आणि मग कुणी पुढं काही विचारत नाही.

तिनं तरी काय सांगावं? आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. (मी धंदाच म्हणते. सेवा म्हटलं की कुणीतरी हार घेऊन अंगावर येतंय असं वाटतं.) इंग्रजीत मोठमोठे शब्द आहेत, पण ते मी रिपोर्टांत इतक्यांदा लिहिले की आता त्यांचा कंटाळा येतो. सरळ सांगायचं तर, दोन गट वर्षानुवर्षं भांडत असले की ते भांडण कशावर जगतंय हे आम्ही शोधायचो. ते सुरू कशानं झालं याच्या फंदात फारसं पडायचं नाही, कारण ते दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतं, फक्त वेगवेगळं. आज ते चालू का आहे, त्याला रोज खायला कोण घालतंय, ते बघायचं.

नवऱ्याची बदली श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात झाली म्हणून मी चेन्नईला आले, रडतखडत तमिळ शिकले आणि एग्मोर स्टेशनच्या मागं एका लॉजच्या वरच्या मजल्यावर भांडणं मिटवणाऱ्या या लोकांचं ऑफिस होतं तिथं चिकटले. बाकीचा जीवनपट सोडून देते. तो नणंदेनंही कधी विचारलेला नाही.

ऑफिस चालवायचे रावसर. तंजावरचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं तिकडं गेलं आणि मराठी तिथंच राहिली, जुन्या कागदपत्रांतल्यासारखी, वर तमिळ हेल आणि वाक्यावाक्याला 'म्हणून'. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि न रागावता मला धंद्यातला पहिला नियम सांगितला.

"कोण म्हणून विचारू नका, बाई. कसं म्हणून विचारा. कोण म्हणून विचारलं की भांडण येऊन तुमच्या मांडीवर बसतंय. मग उठत नाही."

याचा अर्थ कळायला मला एक उन्हाळा लागला. दक्षिण चेन्नईतल्या एका वसाहतीत पाण्याच्या टँकरवरून दोन गल्ल्यांत डोकी फुटली होती. पहिल्या गल्लीला वाटायचं की दुसरीवाले टँकर अडवतात, म्हणून ते दाराबाहेर जास्तीचे ड्रम मांडायचे. ते ड्रम बघून दुसरी गल्ली आणखी ड्रम आणायची. ड्रम वाढले की टँकर अर्ध्या वाटेतच रिकामा व्हायचा. तो रिकामा झालेला बघून भीती वाढायची, आणि भीती वाढली की पुन्हा ड्रम. पाणी दुप्पट आलं असतं तरी ड्रम चौपट झाले असते. आम्ही तिथं एकोप्यावर भाषण दिलं नाही. दोन्ही गल्ल्या जिथं मिळतात तिथं, पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढं, टँकर उभा करायला लावला आणि दोन्हीकडं एकदम पाइप सोडायला लावले. महिन्याभरात निम्म्या ड्रमांत लोकांनी तुळस आणि कढीपत्ता लावला. एक आजी होत्या, भांडणात सगळ्यात पुढं असायच्या, त्या माझ्यावर कायमच्या रुसल्या. "आता संध्याकाळी मी करू काय?" असं त्यांनी मला भर रस्त्यात विचारलं.

तर अशी एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी आणि फिरून पहिली निघणारी गोष्ट, तिला आम्ही चक्र म्हणायचो. अशी चार-सहा चक्रं एकमेकांत अडकली की आमचा नकाशा तयार व्हायचा. रावसर तो कागदावर काढायचे नाहीत. भांडणाऱ्यांनाच एका हॉलमध्ये बोलवायचे आणि प्रत्येकाच्या हातात एक पाटी द्यायचे. भीती, ड्रम, टँकर, अफवा, असं काहीतरी त्यावर लिहिलेलं. मग पाटीपासून पाटीपर्यंत दोरी धरायला लावायचे. कुणी एकानं दोरी ओढली की पार पलीकडच्या माणसाचा हात हलतो. ते बघून लोक आधी हसतात, मग गप्प होतात. तो गप्प होण्याचा क्षण बघण्यासाठी मी या धंद्यात राहिले असं म्हटलं तरी चालेल. नियम एकच होता. पाटीवर माणसाचं नाव लिहायचं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडं येते.

कोवलमच्या पलीकडं ईस्ट कोस्ट रोडला लागून दोन कुप्पम आहेत. कुप्पम म्हणजे कोळीवाडा. मधे एक खाडीचा ओहोळ, उत्तरेला एक, दक्षिणेला एक. मुळात एकच वस्ती होती, वाढता वाढता दोन झाल्या. सोयरिकी दोन्हीकडं. उत्तरेचे लोक लहान फायबरच्या होडीतून साधं जाळं टाकायचे. दक्षिणेच्या काहींनी मोठी जाळी आणली, कोकणात पर्ससीन म्हणतात तशी. ती थव्याभोवती फिरवून खालून पिशवीच्या तोंडासारखी आवळायची, आणि अख्खा थवा आत. सरकारनं त्यांना आळा घातला होता म्हणतात, पण समुद्रावर कुणाचा आळा चालतोय?

तारलीचा थवा कमी झाला की मोठं जाळं आणखी लवकर निघायचं. ते लवकर निघालं की लहान होड्या रिकाम्या यायच्या. रिकाम्या आलेल्यांतली तरुण मुलं मोठं जाळं कापायची. जाळं कापलं की पुढच्या वेळी मोठ्या होडीवर दांडगे गडी चढायचे. अशाच एका पहाटे, धुक्यात, उत्तरेच्या सेल्वमची होडी मोठ्या होडीखाली आली. होडीत त्याचा धाकटा भाऊ कुमार होता, तो वाचला. सेल्वम दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

मोठी होडी एळुमलैची होती आणि सुकाणूही त्याच्याच हातात होतं. मुद्दाम घातली की धुक्यात आली, हा प्रश्न. पोलिसांत केस झाली. पाहणारा, आणि बोलायला तयार असलेला, एकटा कुमार. आणि त्याच्या पाठीशी सेल्वमची बायको वळ्ळी.

आम्ही तिथं पोचलो तेव्हा केसच भांडणाचं इंधन झालं होतं. कोर्टाची तारीख आली की दोन्ही कुप्पमची माणसं बसनं जायची. बसमध्ये शिवीगाळ, कोर्टाच्या आवारात धक्काबुक्की, आणि तारीख पुढं गेली की परतल्यावर कुणाचं तरी जाळं कापलेलं. मग नवी तक्रार, नवी तारीख. रिसॉर्टकडं जाणाऱ्या गाड्यांवर दगड पडायला लागले तेव्हा कलेक्टर कचेरीतून कुणीतरी रावसरांना फोन केला.

वादळात आसऱ्याला बांधलेलं सरकारी सभागृह दोन्ही वस्त्यांच्या मधे होतं. तिथं आम्ही दोऱ्या घातल्या. दोऱ्या त्यांच्याच जाळ्यांच्या होत्या, मिठानं कडक झालेल्या. पाट्या: मासे, मोठं जाळं, रिकामी होडी, कापलेलं जाळं, पोलीस, तारीख, मरण. एळुमलैच्या हातात 'रिकामी होडी' आली आणि कुमारच्या हातात 'मोठं जाळं'. आम्ही मुद्दामच तसं करायचो.

एळुमलै म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीत भेटलेला सगळ्यात हुशार विद्यार्थी. पन्नाशीचा, डायबेटिसवाला, बोलायला गोड. दुपारपर्यंत त्याला नकाशा असा काही समजला की तो रावसरांनाच सांगायला लागला, "सार, इथं आणखी एक दोरी पाहिजे. बर्फवाल्याची. तो आधी येणाऱ्याला बर्फ देतो, म्हणून आम्ही आधी निघतो." बरोबर होतं. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. रावसरांचा चेहरा असा फुलला होता, जणू जावई पसंत पडला.

वळ्ळी बायकांत मागं उभी होती. तिशीतली असेल. दोऱ्या बघत बघत ती पुढं आली आणि 'मरण' लिहिलेली पाटी जिच्या हातात होती त्या म्हातारीपाशी थांबली.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"कुणाचंच नाही," मी म्हटलं. "कुणाचंही. दोन्हीकडं माणसं दुखावतात, एखादा जीव जातो, ते सगळं यात आलं."

"एकच गेलाय," ती म्हणाली. "त्याचं नाव लिहा की."

मी तिला नियम समजावून सांगितला. माझं तमिळ तोवर चांगलं झालं होतं, त्यामुळं फार छान सांगितला. एक नाव लिहिलं की दुसरं लिहावं लागतं, मारणाऱ्याचं. मग हे सगळे दोऱ्या टाकून एकमेकांच्या अंगावर जातील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा मागं जाऊन उभी राहिली.

तो नकाशा बरोबर होता, हे मी आजही कुणाही समोर सांगेन. त्यावर उभा राहिलेला समझोताही चांगला होता. मोठी जाळी अमुक अंतराच्या पलीकडंच, आठवड्यातले ठरलेले दिवस लहान होड्यांचे, बर्फ दोघांना एकाच वेळी, जाळं कापलं तर ज्या कुप्पमचा मुलगा त्या कुप्पमनं शिवून द्यायचं. आणि शेवटचं कलम, दोन्हीकडच्या तक्रारी मागं. आता मेलेल्या माणसाची केस अशी कागद फाडून मागं घेता येत नाही. त्याचा खरा अर्थ एवढाच होता की कुमारनं कोर्टात काही पाहिलं नाही म्हणायचं. हे कुणी लिहिलं नाही, कुणी बोललं नाही, आणि हॉलमधल्या एकूण एक माणसाला कळलं.

त्या बैठकीत एळुमलै उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "सेल्वमला मी मारलं नाही. कुणीच मारलं नाही. या चक्रानं मारलं. आज आपण चक्र तोडतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेच्यांनीसुद्धा. मी रावसरांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते.

इतकी वर्षं मी लोकांना शिकवत होते की दोष माणसात शोधू नका. आणि ज्याच्याबद्दल खरोखर विचारायला हवं होतं त्यानं ते वाक्य चोख पाठ केलं होतं. खोडून काढायला त्यात काही नव्हतं. ते आमचंच होतं.

वळ्ळीकडं जायचं काम माझ्याकडं आलं. बाई म्हणून.

ती घराच्या मागं मासे चिरून मीठ भरत होती. मी तिच्यापुढं उकिडवी बसले. म्हटलं, कुमारबद्दल बोलायला आले.

"त्यानं काय बोलायचं ते तो ठरवेल, अक्का," हात न थांबवता ती म्हणाली. "त्याला पोरं आहेत. रोज समुद्रावर जायचंय त्याला, त्याच लोकांच्या शेजारून. मी त्याला बांधून ठेवणार नाही. मला फक्त एक गोष्ट द्या."

"काय?"

"एक दिवस. यांच्यासाठी, माझ्या घरच्यासाठी, दर्या बंद."

त्या किनाऱ्यावर रीत अशी की कुप्पममध्ये कुणी गेलं तर त्या दिवशी होडी पाण्यात घालायची नाही. गेलेला म्हातारा असो की तान्हं मूल. दोन्ही वस्त्या मुळात एक, म्हणून उत्तरेत मयत झालं तर दक्षिणेच्या होड्याही वर. इतर वेळी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही हे पाळायची. सेल्वमला किनाऱ्यावरून घरी आणलं त्या दिवशी दक्षिणेच्या होड्या समुद्रावर गेल्या. भीतीनं गेल्या म्हणा, गुर्मीत गेल्या म्हणा. असं कुणाच्याही आठवणीत झालं नव्हतं.

"मी यांना आंघोळ घालत होते," वळ्ळी म्हणाली, "आणि त्या लोकांची इंजिनं ऐकू येत होती. जाताना पण, येताना पण. कुत्रं मेल्यासारखं. मला कुणाला तुरुंगात घालून काय मिळणार आहे? एक दिवस त्या लोकांनी होड्या वर ठेवाव्यात. यांचं नाव घेऊन. मग कुमारला जे बोलायचंय ते बोलू दे."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. मी फार मोठं काहीतरी ऐकायच्या तयारीनं गेले होते. एक दिवस! पावसाळी वाऱ्यात हे लोक सलग कितीतरी दिवस घरी बसतात. मी तिथूनच रावसरांना फोन केला आणि तेही खूश झाले. संध्याकाळी आम्ही दोघं एळुमलैच्या घरी गेलो. त्यानं कॉफी मागवली, खुर्च्या पुसून दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अम्मा, तुम्हीच शिकवलंत. नकाशात माणूस येत नाही. आज एका सेल्वमसाठी दर्या बंद केला तर उद्या आमचीच पोरं विचारतील, आता इतक्या उशिरा का? कुणामुळं? आला की नाही परत 'कोण'? सार, तुमचाच शब्द आहे." मग तो पुढं झुकून म्हणाला, "इथून पुढं जो जाईल, दोन्हीकडं, त्याच्यासाठी आमच्या होड्या वर. हे कलम घाला. मी पहिला अंगठा उठवतो. मागचं मात्र उकरू नका."

"त्या बाईला तेवढंच पाहिजे आहे," मी म्हटलं. "बाकी काही मागत नाही ती."

"म्हणूनच नको, अम्मा," तो म्हणाला.

परतताना आम्ही बसमध्ये शेजारी बसलो. मी म्हटलं, सर, एकदा तुम्ही जोर लावून बघा. ते म्हणाले, "जोर लावला की तो तुटेल, बाई. तो तुटला की समझोता गेला. समझोता गेला की आणखी एक सेल्वम. हिशेब बघा तुम्ही." थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "तो माणूस बरोबर बोलतोय. तेच वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी मी वळ्ळीला जाऊन सांगितलं की मागचं होणार नाही, पुढचं होईल. ती कधी रडेल, कधी ओरडेल याची मी वाट बघत होते, कारण त्यावर काय बोलायचं ते मला येतं. तिनं नुसतं "सरि" म्हटलं. म्हणजे, बरं. त्यावर काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुमारनं कोर्टात सांगितलं की धुकं होतं, धक्का बसला, तो पाण्यात पडला, समोरची होडी कुणाची ते दिसलं नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर तो वहिनीकडं बघेना. वळ्ळीनं पिशवीतून दहीभाताचा डबा काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "जेव. सकाळपासून उपाशी आहेस." मग ती बायकांबरोबर बसकडं गेली.

समझोता टिकला. हे मला ठासून सांगायचंय, कारण अशा गोष्टींत वाचणाऱ्याला वाटतं की आता सगळं कोसळणार. काही कोसळलं नाही. जाळी कापायची थांबली. त्या पाण्यात पुन्हा माणूस मेला नाही. जी मुलं तुरुंगात गेली असती ती आज सर्फिंगला आलेल्या पाहुण्यांना होडीतून फिरवतात. बाहेरगावची, बाहेरदेशची माणसं आमचं काम बघायला यायची आणि मी त्याच सभागृहात त्यांच्या हाती दोऱ्या देऊन नकाशा समजावायची. माझं तमिळ, माझं इंग्रजी, सगळं त्या वेळी वेगळ्याच रुबाबात चालायचं. वळ्ळी कोवलमच्या बसस्टॉपजवळ टोपली घेऊन बसायची. मी दिसले की "वा अक्का" म्हणायची, ये म्हणायची. मी मासे घ्यायची. ती वजनाला कधी कमी द्यायची नाही, आणि कधी जास्तही नाही.

मी निवृत्त व्हायच्या बेतात होते तेव्हा एके दिवशी सकाळी रावसरांचा फोन आला. एळुमलै गेला. बर्फाच्या लाद्या उतरवताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

"बाई, ऐका," सर म्हणाले. "उत्तरेच्या होड्या सगळ्या वर आहेत. एक पण गेला नाही म्हणून सांगताहेत. कोणी सांगावं लागला नाही. धरलं, बाई, आपलं काम धरलं." त्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं होतं, त्यामुळं त्यांचा आनंद मला कळत होता. एक माणूस मेलाय, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात नव्हतं. मला म्हणाले, जाऊन या. फोटो काढून आणा.

मी गेले. ऊन चढलं होतं. उत्तरेच्या किनाऱ्यावर सगळ्या होड्या रेतीत ओळीनं, इंजिनं वर उचललेली, जाळ्यांवर ताडपत्री. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती. मी मोबाइल काढला, आणि मग मला वळ्ळी दिसली.

सेल्वमची होडी कुमारनं दुरुस्त करून वापरात ठेवली होती. तीही त्या ओळीत होती. वळ्ळी तिच्या मागच्या टोकाला खांदा लावून तिला ढकलत होती, पाण्याच्या दिशेनं. तिकडच्या बायका होडीवर जात नाहीत, होडी ढकलतही नाहीत. फायबरची झाली तरी ती होडी हलवायला पाच-सहा गडी लागतात. वळ्ळीचे पाय रेतीत रुतत होते आणि होडी जागची हलत नव्हती. ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा खांदा लावायची.

सुरूच्या झाडांखाली माणसं उभी होती. कुमारही होता. कुणी तिला बोललं नाही, कुणी पुढं झालं नाही. कुमारनं माझ्याकडं बघितलं. त्याची मान खाली गेली आणि मला कळलं की हे काम माझं आहे.

ओहोळाच्या पलीकडं दक्षिणेची मुलं गोळा होऊन इकडंच बघत होती. प्रेत अजून घरात होतं. उत्तरेची एक जरी होडी त्या आधी पाण्याला लागली असती तर पुढं काय झालं असतं ते मला पाटीनं पाटी, दोरीनं दोरी सांगता आलं असतं. तेच तर माझं शिक्षण होतं.

मी चपला तिथंच सोडून तिच्यापाशी गेले आणि तिचं मनगट धरलं.

"वळ्ळी, नको."

"सोडा, अक्का." तिला धाप लागली होती. पदर खांद्यावरून घसरला होता आणि फायबर घासून खांद्यावर लाल वळ उठला होता. "पाण्याला लागू दे नुसती. मग मीच वर ओढते."

"ते बघताहेत."

"बघू दे. यांनी पण बघितलं होतं, त्या लोकांच्या होड्या जाताना." म्हणजे सेल्वमनं. ती त्याच्याबद्दल अजून तो जिवंत असल्यासारखं बोलायची. "त्या एळुमलैसाठी सगळा दर्या बंद आहे, अक्का. तुम्हीच केलात. माझ्या घरच्याची होडीसुद्धा त्याच्यासाठी वर आहे. तुम्हाला बरं वाटतंय का?"

बरं वाटत नव्हतं. पण तिकडच्या मुलांतली दोघं ओहोळात उतरली होती, आणि मी दुसऱ्या हातानंही तिला धरलं. तिचा हात माशांच्या कामानं कणखर झालेला, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचा. ती मनात आणती तर मला रेतीत ढकलून देऊ शकली असती. तिनं तसं केलं नाही. ती फक्त ओढत राहिली, होडीकडं.

"आजचा दिवस सोडा," ती म्हणाली. "उद्यापासून तुमचं सगळं ऐकेन."

दक्षिणेकडं, तिकडच्या अंत्ययात्रेत वाजवतात तसे, फटाके वाजले आणि हलगीचा आवाज सुरू झाला. प्रेत उचललं होतं. मी तिचा हात सोडला नाही.